दोनशे चौदाव्या आवर्तनापुढे

"पाणी सोडायच्या आधी शब्द तोलून घे गं, योगिनी. एकदा ताम्हनात पडले की ते आपले राहत नाहीत."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी पळीभर पाणी तळव्यावर घेतलं, की त्र्यंबकेश्वरच्या घरातला तिचा तो संथ आवाज योगिनीच्या कानाशी यायचाच. त्या गुरुवारीही आला. डिसेंबर लागला होता. इंदिरानगरच्या छोट्या रो-हाउसमधली फरशी पहाटे अशी गार पडायची, की पाटावर बसूनही घोट्यांत कळ जायची. सहस्रनाम झालं होतं, समई शांत जळत होती. चहा तिच्या नेमात देवानंतरच.

कुठल्याही कार्यक्रमाची तालीम सुरू व्हायच्या आधी ती एक संकल्प सोडायची. नऊ वर्षांत कधी चुकला नव्हता. तिने तळव्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "जे वाजवायला घेतलंय, ते आम्ही शेवटापर्यंत नेऊ." पाणी ताम्हनात पडलं.

शब्द तोलले नाहीत असं नव्हे. पण नवी रचना तिने अजून पूर्ण ऐकलेली नव्हती. शेखरदादांनी पहिली काही पानं तेवढी पाठवली होती. जे सुरू होतं त्याला शेवट असतोच, एवढं तिने मनात धरलेलं होतं.

मागून तिची मुलगी वेदिका तोंडात ब्रश धरून म्हणाली, "आई, रॉक म्युझिक आहे ते. सत्यनारायण नाही."

"वाजवणारे हात तेच ना?"

"मग ड्रमरला प्रसाद कोण देणार?"

"आपल्यात ड्रमर नाहीच. तू आधी चूळ भर."

त्यांच्या संचाचं नाव 'चौतारी'. टिळकवाडीत संगीताचा क्लास चालवणारे शेखरदादा खर्जाच्या चेलोवर. सातपूरच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करणारा रोहित दुसऱ्या व्हायोलिनवर. योगिनी व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्यावर, आणि पहिल्या व्हायोलिनवर तेवीस वर्षांची वेदिका. सत्तरच्या दशकातल्या परदेशी रॉक बँडांनी वीस-वीस मिनिटांची जी अवघड, वळणावळणाची गाणी केली, ती हे चौघं नुसत्या तारांवर वाजवायचे. गिटार नाही, ड्रम नाहीत. नाशकात असलं कोण ऐकणार, असं सगळे म्हणत होते. पण ऐकणारे निघाले. साठीला आलेले इंजिनियर, बँकवाले, द्राक्षबागायतदार. तरुणपणी कॅसेटी झिजेपर्यंत ऐकलेली ही माणसं सभागृहात डोळे मिटून बसायची आणि अकरा मात्रांच्या सम नसलेल्या समेवर बरोबर मान हलवायची.

वेदिकाला व्हायोलिनशिवाय दुसरं काही नको होतं. खरं म्हणजे दुसरं काही येतही नव्हतं. ती सहा वर्षांची असताना तिचे बाबा गेले. त्यानंतर घरात दोघी आणि दोन वाद्यं. रुसवा असो, ताप असो, दहावीचा निकाल असो, या घरात सगळं वाजवूनच निस्तरलं गेलं होतं. फेब्रुवारीत मुंबईच्या एका वाद्यवृंदाची निवड-चाचणी होती आणि पोर दिवसाला सहा-सहा तास वाजवत होती.

नवी रचना मात्र परदेशी नव्हती. मागच्या कार्यक्रमानंतर दिनेश नावाचे एक गृहस्थ मंचाशी येऊन उभे राहिले होते. देवळाली कॅम्पात त्यांचं चष्म्यांचं दुकान. हातात एक पिवळी पडलेली कॅसेट. वेष्टनावर निळ्या शाईत 'देवळाली, १९७९', खाली चार नावं, आणि त्यातलं एक : 'दिनेश – ड्रम्स'.

"अक्षर माझंच आहे," ते हसत म्हणाले. "नावही माझंच. पण साहेब, मी उभ्या जन्मात ड्रमला हात लावलेला नाही. आणि हे बाकीचे तिघं कोण, देव जाणे. वाजवलंय मात्र झकास. तुमच्या वाद्यांवर बसेल असं वाटलं."

"त्या सालची होळी जोरात झालेली दिसते," शेखरदादा म्हणाले, आणि सगळे हसले.

पहिल्या रविवारी क्लासच्या वरच्या खोलीत शेखरदादांनी ती कॅसेट लावली. सतरा मिनिटं. गिटार, बास, ऑर्गन, ड्रम. अकरा मात्रांचं एकेक आवर्तन तीन-तीन-तीन-दोन असं मोडत जायचं. आणि दोनशे चौदाव्या आवर्तनात, सुराच्या मध्येच, ते थांबलं. फीत संपली नव्हती. पुढे कोरी फीत फिरतच राहिली. जणू चौघांनी एकाच क्षणी हात उचलले होते.

"पुढचं कुठाय?" योगिनीने विचारलं.

"पुढचं नाहीच," शेखरदादा म्हणाले. "शेवट आपण बांधायचा. गंमत आहे की नाही?"

योगिनीच्या तळव्याला उगाच ओल लागल्यासारखी वाटली. तिने तो पदराला पुसला.

त्यांनी वाजवायला घेतलं. आवर्तनं मोजायचं काम नेहमी योगिनीकडे. ती जपासारखी मनातल्या मनात मोजायची. दोनशे चौदाला चौघांचेही गज तारांवरून उठले. खोलीत शांतता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं.

रोहित म्हणाला, "मॅडम, तुम्ही थोडं पुढे वाजवलंत का?"

"नाही रे."

"मग वेदिका."

"मी कशाला? कागदावर नाही ते मी वाजवत नाही."

"मग मलाच भूक लागलीय," रोहित म्हणाला. "भुकेने कान वाजतात." आणि सगळे मिसळ खायला उतरले.

पुढच्या रविवारी रोहितने मोबाइलवर तालीम ध्वनिमुद्रित केली. मिसळीच्या दुकानात रस्सा यायच्या आधी त्याने ती लावली आणि त्याचा चेहरा बदलला. फोन त्याने टेबलाच्या मधोमध ठेवला. दोनशे चौदावं आवर्तन झालं. थांबलं नाही. आणखी नऊ आवर्तनं, जेमतेम पाऊण मिनिट, चौघंही स्वच्छ वाजवत होते. रोहितचा तो किंचित घाईचा गज, शेखरदादांचा खालच्या तारेवरचा खरखरीत सूर. चौघांचे हात ओळखू येत होते.

"आपण हे वाजवलं नाही," वेदिका म्हणाली.

"वाजवलंय, ऐकू येतंय की," शेखरदादांचे डोळे चमकत होते. "तंद्रीत होतं असं. चाळीस वर्षं वाजवतोय, मला माहीत आहे. बोटं डोक्याच्या पुढे जातात." त्यांनी तिथेच कागदाच्या रुमालावर सूर उतरवायला सुरुवात केली. ऐकून उतरवणं हे त्यांचं नेहमीचंच काम. परदेशी गाणीही त्यांनी अशीच कानाने उतरवली होती. "फुकटात शेवट मिळतोय, पोरांनो. देव देतो तेव्हा असं देतो."

"दादा, देवाचं नाव नका घेऊ यात," योगिनी म्हणाली. इतक्या हळू, की ते फक्त वेदिकाने ऐकलं.

तिसऱ्या रविवारी ती नऊ आवर्तनं कागदावर होती. दोनशे तेवीसपर्यंत वाजवून चौघं थांबले. या खेपेला योगिनीने गज मुद्दाम मांडीवर आडवा ठेवला आणि सगळ्यांचे हात बघत बसली. कुणीच वाजवत नव्हतं. खिडकीच्या गजावर एक कबुतर होतं, तेही गप्प.

मोबाइलमध्ये आणखी नऊ आवर्तनं निघाली. मात्र त्यांत तीनच वाद्यं होती.

"माझी ओळ कुठाय?" रोहितने विचारलं.

"दमला असशील," वेदिका म्हणाली. "आजकाल तुझं लक्ष असतं कुठे? साखरपुडा ठरल्यापासून बघतेय."

तो हसला. रेकॉर्डिंग त्याने वेदिकाला पाठवलं. माझ्या फोनमध्ये जागा उरली नाही, यापुढे तूच रेकॉर्ड कर, म्हणाला. त्याने त्यांना ओळखलं असा तो शेवटचा रविवार.

बुधवारी त्याने वेदिकाचे फोन घेतले नाहीत. गुरुवारी योगिनी सातपूरला जाऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. चहाच्या सुट्टीत तो मित्रांबरोबर बाहेर आला. तिने हाक मारली, तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि नम्रपणे पुढे झाला.

"बोला ना, मावशी. कुणाला भेटायचंय?"

"रोहित, रविवारी येतोयस ना?"

"कुठे?"

"व्हायोलिन..."

"आपली काहीतरी गल्लत होतेय हो." तो खरोखरच ओशाळला होता. "आमच्या घरात कुणी साधी पेटीसुद्धा वाजवत नाही. बसा तुम्ही, पाणी आणू का?"

तिने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. चहाचा ग्लास धरला होता त्याने. पंधरा वर्षं तारा दाबून ज्या बोटांच्या टोकांवर घट्टे पडले होते, ती टोकं लहान मुलाच्या गालासारखी मऊ, गुलाबी होती.

"राग आलाय त्याला कशाचा तरी," शेखरदादा म्हणाले. "आजकालची मुलं. ओळखच दाखवायची नाही म्हणजे झालं. आपण तिघं वाजवू. कार्यक्रमाची तारीख घेतलीय."

"दादा, हे बंद करू या."

"तूच ना गं ती घेतलेला वसा न टाकणारी?" त्यांनी थट्टेने विचारलं. ताम्हनातलं पाणी कधीच तुळशीत गेलं होतं.

चौथ्या रविवारी तिघांनी दोनशे बत्तीसपर्यंत वाजवलं. वेदिकाच्या फोनमध्ये पुढची नऊ आली. वाद्यं दोनच. व्हायोलिन आणि व्हायोला. शेखरदादांनी ती दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली. मग चेलोच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "जा तुम्ही. मी जरा बसतो."

बुधवारी त्यांच्या पत्नीचा फोन आला. वेदिका आणि योगिनी धावतच टिळकवाडीला गेल्या. शेखरदादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. चेलो दाराशी भिंतीला टेकवून ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून.

"सकाळपासून एकच," त्यांची पत्नी कुजबुजली. "हे कुणाचं ठेवलंय, न्यायला सांगा. भाजीवाल्याला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे. नातवंडांची नावं, पेन्शनची तारीख, सगळं पाठ आहे."

शेखरदादांनी चष्म्यावरून पाहिलं. "या, या. तुमचंच का ते? बरं झालं आलात. अडचण होते हो येता-जाता."

वेदिका जिन्यातच रडायला लागली. योगिनीने तिला घरी पाठवलं आणि स्वतः देवळाली कॅम्पची रिक्षा केली.

दिनेश काउंटरवर काच पुसत बसले होते. तिने विचारायच्या आधीच ते म्हणाले, "बरं झालं आलात. त्या कॅसेटवरच्या नावांचा मी शोध घेतला. छंदच लागला म्हणा ना. दोघं सापडले. एक भगूरला, एक नाशिकरोडला. भेटलो. दोघंही माझ्यासारखेच. वाद्याचा गंध नाही."

"आणि चौथा?"

त्यांचा हात काचेवर थांबला.

"मोतीराम. ऑर्गन. कॅसेटच्या आतल्या कागदावर आडनाव, पत्ता, सगळं आहे. त्या घरात मी गेलो. भाऊ आहे, बहीण आहे. म्हातारी आई आहे, ब्याण्णवची, खणखणीत. मोतीराम नावाचं आमच्यात कधी कुणी नव्हतंच म्हणतात." ते पुन्हा काच पुसू लागले. "भिंतीवर घरातल्यांचा जुना फोटो होता. मधे एक जागा रिकामी सोडून सगळे उभे. म्हातारीला विचारलं, ही जागा का सोडलीत? म्हणाली, काय माहीत बाबा, फोटोवाल्याने उभं केलं तसे राहिलो."

योगिनी परतीच्या रिक्षात बोटांची पेरं मोजत बसली. तिघं वाजवणं विसरतात. आणि जो शेवटापर्यंत वाजवतो, त्याला सगळे विसरतात.

घरी आली तेव्हा चार वाजले होते. वेदिका जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर फोन आणि एक ताजा लिहिलेला कागद.

"आई, मी वाजवत नव्हते गं. फोन इथे ठेवून मी तोंड धुवायला गेले होते. आले तर रेकॉर्डिंग चालू होतं."

"किती?"

"नऊ. शेवटाजवळ आलंय. ऐकताना कळतं ते. घरी परतल्यासारखं वाटतं." तिने कागदावर हात ठेवला. "एकच वाद्य आहे. व्हायोलिन. माझाच हात आहे आई, मी ओळखते. उद्या वाजवून बघू का?"

"नाही."

"पण किती सुंदर..."

"वेदिका, नाही म्हटलं ना."

एवढ्या वर्षांत योगिनीचा आवाज इतका चढला नव्हता. वेदिकाने कागदावरचा हात काढून घेतला.

योगिनी स्वयंपाकघरात गेली. दिवेलागणीआधीच जेवायचा तिचा नेम. तिने भाकरी केली, ताट घेतलं, पाणी ठेवलं, आणि बसली. पहिला घास तोंडाशी नेताना तिला दारात कुणीतरी उभं दिसलं. एक मुलगी. ओळखीची वाटत होती.

"माझं ताट?" मुलीने विचारलं.

घास हातातच राहिला. किती वेळ, तिला कळलं नाही. मग ते नाव लांबून, विहिरीतून बादली वर यावी तसं, हळूहळू वर आलं.

"वेदिका," ती म्हणाली. "वेदिका. बस गं. घेतेच आहे."

तिने डाव्या हाताची बोटं अंगठ्याने चाचपून पाहिली. घट्टे होते. पण कडा मऊ पडू लागल्या होत्या.

जेवण झाल्यावर तिने मुलीला जवळ घेतलं. "ते पान मला दे. ते मी वाजवणार."

"व्हायोलिनची ओळ? व्हायोलावर?"

"बसते. थोडी खालून घ्यावी लागेल."

"मग मी पण येते."

"नाही. तू तुझ्या चाचणीचं वाजव. उद्या हे मी एकटी पूर्ण करून टाकते. वचन."

"आणि नंतर?"

"नंतर तू मुंबईला जायचं."

"आणि तू?"

"मी कुठे जातेय?" योगिनी म्हणाली आणि तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. लहानपणी घालायची तशी, घट्ट.

गुरुवारी ती पहाटे उठली. अंघोळ केली. सहस्रनाम एकही नाव न गाळता म्हटलं. मग तळव्यावर पाणी घेतलं.

या वेळी तिने घाई केली नाही. पाणी तळव्यावर गार होत गेलं, बोटांच्या फटींतून थेंबथेंब गळू लागलं, तरी ती शब्द शोधत होती.

"तिच्या वाटचं मी वाजवीन. शेवटापर्यंत. तिचं वाजवणं तिच्यापाशी राहू दे."

पाणी सोडलं.

दहा वाजता तिने व्हायोला पेटीत ठेवला. क्लासची किल्ली घेतली. पान चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. घरातल्या वरच्या खोलीत वेदिकाचा रियाज सुरू झाला होता. सूर उजळ होता, हात मोकळा. योगिनी जिन्याच्या खालच्या पायरीशी उभी राहून ऐकत राहिली. वर जावंसं वाटलं. गेली नाही.

ती अंगणात आली, तेव्हा व्हायोलिन थांबलं. वेदिका वाद्य हातात घेऊन गॅलरीत आली होती. उन्हाला डोळे बारीक करून तिने खाली पाहिलं. चेहऱ्यावर परक्या माणसाशी बोलतानाचं तिचं ते गोड, घरंदाज हसू होतं.

"काकू, कुणाकडे आला होतात? घरात मी एकटीच असते."

योगिनीने वर पाहिलं. वेणी कालच्यासारखीच घट्ट होती.

"काही नाही गं. चुकून आले."

"बरं. जाताना गेटला कडी लावाल का प्लीज? कुत्री येतात आत."

"लावते हं," योगिनी म्हणाली.

तिने बाहेरून कडी लावली, नीट बसली का ते एकदा ओढून पाहिलं, पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि कोपऱ्यावरच्या रिक्षांकडे चालू लागली.